दहा बाय पंधराचं नेमणूकपत्र

२९ ऑगस्ट २०२५
शाळेचं वसतिगृह, खोली क्रमांक सात

आदरणीय आणि मायन्याशिवाय पत्र न वाचणाऱ्या आत्यास,

सा. न. वि. वि. बघ, घातला मायना. तू व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाहीस, कारण तिथे आधी सर्जेराव काकांचे चाळीस सुप्रभात ओलांडावे लागतात. इथून अ‍ॅपवरचे फोन लागत नाहीत. तेव्हा आता ईमेल, तारखेसकट.

मी आखातात सुखरूप पोहोचले. तू दिलेली मेतकुटाची बरणी विमानतळावरच्या तपासनिसाने तीनदा हुंगली आणि सुस्कारा टाकून परत दिली. शाळेच्या नावात ग्लोबल, इंटरनॅशनल आणि वर्ल्ड हे तिन्ही शब्द आहेत. इमारतही त्या मानाची आहे. वर्ग गार, फळे पांढरे, आणि मला आठवी ते दहावीचं गणित दिलंय. मुलं पुण्यातल्यासारखीच आहेत, म्हणजे गृहपाठ घरी विसरतात.

मी सध्या व्हिजिट व्हिसावर आले आहे. तुझ्या कपाळावरची आठी मला इथून दिसते. पण बुधवार पेठेतल्या एजन्सीचे अभिनव सर म्हणाले की सगळे शिक्षक असेच येतात, कामाचा व्हिसा शाळा नंतर करून देते. त्यासाठीच ऑफिसने पासपोर्ट आणि माझी पूर्ण फाईल ठेवून घेतली आहे.

एक काम कर. काकांना तो फ्लेक्स उतरवायला सांग. नेमणूकपत्र एक दिवस धारेश्वराच्या पायाशी ठेवतो म्हणून घेऊन गेले आणि वाटेत फ्लेक्सवाल्याकडे स्कॅन करून आले. आख्खं पत्र धायरीच्या चौकात टांगलंय, आत्या. माझ्या मैत्रिणी येताजाता तो वाचतात आणि मला मेसेज करून हसतायत.

तुझी,
उत्कर्षा


१ सप्टेंबर २०२५
बिबवेवाडी, पुणे

चि. उत्कर्षा,

आशीर्वाद. पस्तिसाव्या वर्षी का होईना, मायना आला. समाधान वाटलं.

तुझ्या पत्रावरून काल मुद्दाम धायरीला जाऊन फ्लेक्स पाहिला. दहा फूट बाय पंधरा फूट. चौकात गणपतीचे चौदा फ्लेक्स आहेत, पण आपल्या सर्जाने गणपतीलाही मागे टाकलं आहे. डावीकडे तू हात जोडून उभी, जणू मतं मागते आहेस. उजवीकडे तुझं नेमणूकपत्र, शिक्का आणि सहीसह. मधोमध, पगाराच्या ओळीवर, सर्जाचा स्वतःचा गोल फोटो. मी कारण विचारलं. म्हणाला, आकडा दिसला तर पाहुणे उसने मागायला येतील. माझ्या भावाला अक्कल आहे, फक्त ती कुठे वापरायची हे त्याला कळत नाही. उतरवायला सांगितलं. आपला वाढदिवसाचा फ्लेक्स लागेल तेव्हा उतरवतो म्हणाला. वाढदिवस वीस सप्टेंबरला आहे.

आता माझे तीन प्रश्न. उत्तरं क्रमाने हवीत.

पासपोर्ट परत कधी देणार, हे लेखी घेतलंस का? कामाच्या व्हिसावर तुझा हुद्दा काय लिहिणार, हे विचारलंस का? आणि फाईल दिलीस तेव्हा पोच घेतलीस का?

मी अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते. शिपायाला खडूचं खोकं देतानासुद्धा मी त्याची सही घेतली. लोक हसले. हसू देत. माझ्या शाळेतून एक कागद हरवला नाही. कागद हातातून सोडायचा तर त्याची पोच हातात हवी, हे तुला मी परकर-पोलक्यात असल्यापासून सांगते आहे.

तुझे वडील बरे आहेत. महिपती नेहमीसारखा काहीच बोलत नाही. दूध आणायला हल्ली जरा लांबच्या डेअरीवर जातो, एवढंच तुझी आई सांगत होती.

कौशल्याआत्या


२१ सप्टेंबर २०२५

आदरणीय आत्यास,

सा. न. उशीर झाला. कामं फार आहेत.

सगळं छान चाललंय. इथलं राहण्याचं कार्ड मिळालं. हवा अजून गरम आहे पण सवय होते. नववीतल्या एका मुलाने माझ्याआधी प्रमेय सोडवलं, मला फार बरं वाटलं.

एक विचारायचं होतं. साठ माणसांचे पोहे करायचे तर पोहे किती, कांदे किती? फोडणी करपू नये म्हणून नेमकं काय करायचं? आणि तो लांब दांड्याचा मोठा झारा कसा धरतात, म्हणजे पाहणाऱ्याला असं वाटलं पाहिजे की ही बाई रोज हेच करते? जरा लवकर कळव. सहजच विचारते आहे.

फ्लेक्स उतरला का?

उत्कर्षा


२३ सप्टेंबर २०२५
बिबवेवाडी

चि. उत्कर्षा,

तीन प्रश्न विचारले होते. एकाचंही उत्तर नाही. त्याऐवजी तू पोहे विचारतेस.

तुला मी ओळखते. चहा उतू जातो म्हणून तू गॅसशी भांडणारी मुलगी. आमरसात मीठ घातलंस तो दिवस आम्ही कोणी विसरलेलो नाही. अशा मुलीला एकदम साठ माणसांचे पोहे करायचे आहेत, आणि तेही पाहणाऱ्यावर छाप पडेल असे, याचा अर्थ एकच होतो. त्याचं नाव काय? तो काय करतो? साठ माणसं म्हणजे त्याच्या घरचे आहेत की तो कामाला असतो तिथले? आडनाव कळव, बाकी मी शोधते. मला आक्षेप नाही. माझा आक्षेप फक्त लपवण्याला आहे.

पाच किलो जाडे पोहे, तीन किलो कांदे. पोहे चाळणीत भिजव, भांड्यात नको. मोहरी तडतडली की आच कमी कर आणि मगच हळद घाल. झारा दोन्ही हातांनी धर आणि ढवळताना भांड्यात बघू नकोस, समोरच्याकडे बघून बोल. नवशिकी भांड्यात बघते.

फ्लेक्स उतरला. त्या जागी आता सर्जा एकटाच आहे.

कौशल्याआत्या

ता. क. तो माणूस वयाने फार मोठा नसावा, एवढं तरी सांग.


१२ ऑक्टोबर २०२५

आत्या,

आज मायना नाही. रागावू नकोस.

कोणी माणूस नाही. असता तर बरं झालं असतं. मी तुला खोटं सांगितलं, आता सगळं खरं सांगते, पण बाबांना कळू देऊ नकोस. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत काही मिरवलं असेल तर ते हे.

सप्टेंबरमध्ये माझं कार्ड आलं. त्यावर हुद्दा होता, स्वयंपाकी. मी ऑफिसात धावले. तिथल्या माणसाने समजावलं, की शिक्षकांच्या परवानग्या संपल्या होत्या, स्वयंपाक्यांच्या चार शिल्लक होत्या, म्हणून आम्ही चौघी स्वयंपाकी. भूगोलाच्या बाईसुद्धा. आणि कॅन्टीनचा खरा आचारी आहे गेनबा, आपल्या खेड तालुक्यातला, तो कागदावर प्रयोगशाळा सहायक आहे.

सरकारी तपासणी आली की शाळेची घंटा तीनदा वाजते. मग आम्ही चौघी वर्ग सोडून स्वयंपाकघरात पळायचं, टोपी आणि एप्रन घालायचा. गेनबाने पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत जायचं. गेल्या आठवड्यात खरंच तपासणी आली. मी झारा दोन्ही हातांनी धरला, समोर बघून बोलले, सगळं तू सांगितल्याप्रमाणे. तपासनीस खूश होता. मग त्याने विचारलं, साठ ऐवजी दीडशे माणसं आली तर कांदे किती लागतील. माझ्या तोंडून निघून गेलं की समजा कांदे क्ष मानू, आणि मी भिंतीवरच्या फरशीवर स्केचपेनने त्रैराशिक मांडलं. उत्तर बरोबर आलं, पण तो बराच वेळ त्या फरशीकडे बघत राहिला. तिकडे प्रयोगशाळेत त्याने गेनबाला एका बाटलीत काय आहे ते विचारलं. गेनबाने बाटलीचा वास घेतला आणि चिंचेचा कोळ म्हणून सांगितलं.

तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. तपासनीस पुन्हा येणार आहे. स्वयंपाकी म्हणून आलेली बाई वर्गात शिकवताना सापडली तर कायद्याने गुन्हा तिचाही धरतात. तिला परत पाठवतात आणि पुन्हा येऊ देत नाहीत. मी राजीनामा देते म्हटलं, तर संचालक म्हणाले की गेलीस तर पळून गेल्याची तक्रार करू. तशी तक्रार असली की विमानतळावर अडवतात. पासपोर्ट त्यांच्याच कपाटात आहे. आत्या, मला भीती वाटते. मला घरी यायचंय आणि येता येत नाही.

परवा मी हिंमत करून इथल्या कामगार कार्यालयात गेले. खिडकीतल्या अधिकारी बाई चांगल्या आहेत. त्यांनी तक्रार लिहून घेतली. तीन नोव्हेंबरला सुनावणी आहे. त्यांनी एकच विचारलं, तुला शिक्षिका म्हणून बोलावलं होतं याचा पुरावा काय? शाळा म्हणते, आम्ही स्वयंपाकीच नेमली. तसा अरबी करार आहे त्यांच्याकडे, खाली माझी सही आहे. व्हिसाचा अर्ज म्हणून ती घेतली होती. खरं नेमणूकपत्र माझ्या फाईलमध्ये होतं आणि ती फाईल आता कोणालाच आठवत नाही. अभिनव सरांचे मेसेज सात दिवसांनी आपोआप पुसले जायचे. मला वाटायचं ही काही तरी टेक्निकल सोय असेल. आता त्यांचा फोनही लागत नाही. बाकीच्या तिघी घाबरल्यात, साक्ष देणार नाहीत.

पोच घेतली नव्हती. तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरं नाही, नाही आणि नाही.

उत्कर्षा


१३ ऑक्टोबर २०२५
बिबवेवाडी

चि. उत्कर्षा,

रागावले नाही. रागवायचं आहे, पण ते तू समोर आलीस की निवांत करता येईल.

तपासणी आली तर घंटेला पळू नकोस. आजारी पड. वर्गातही जाऊ नकोस आणि स्वयंपाकघरातही. तक्रारीची प्रत आणि तिची पोच तुझ्याजवळ असेल तर ती अंगावर ठेव, खोलीत नको.

पुरावा नाही असं तू लिहितेस. उत्कर्षा, तुझं नेमणूकपत्र महिनाभर धायरीच्या चौकात टांगलेलं होतं. दहा फूट बाय पंधरा फूट. भाजीवाल्यांनी वाचलं, पीएमटीच्या कंडक्टरांनी वाचलं. ज्याची तुला लाज वाटत होती आणि मला हसू येत होतं, तीच आता तुझी एकमेव प्रत आहे. मी सर्जाकडे निघाले आहे. महिपतीला काही सांगत नाही.

कौशल्याआत्या


१९ ऑक्टोबर २०२५
धायरी

चि. उत्कर्षाबाळ,

मी तुजा काका सर्जेराव बोलतोय आन ऋतुजा टायपिते हाय. ताईनं मला सगळं सांगितलं. त्या अभिनवला मी बुधवार पेठेत जाऊन बघून आलो. हापिसाला कुलूप हाय. खालचा मिक्सरवाला म्हनतो, चार जन आदीच येऊन गेलेत.

आता फ्लेक्सचं सांगतो. पैलं फ्लेक्सवाल्याकडं गेलो. त्याचा कम्प्युटर गेल्या म्हैन्यात बसला, जुनं काय बी ऱ्हायलं न्हाई. म्हनलं माज्या मोबाइलमदी फोटू हायत. एकवीस निगाले. पन बाळ, एकवीसच्या एकवीस फोटूत मी कागदाच्या म्होरं हुबा हाय. येका फोटूत शिक्का दिसतोय माज्या कानामागं, पर सही न्हाई.

फ्लेक्स उतरवला तवा मी त्याचे दोन तुकडे केलते. तुज्या फोटूचा तुकडा आपल्या ट्रॉलीवर हाय, कांद्याला झाकाया. कागदाचा तुकडा शेजारच्या बायडाबाईला दिलता, म्हशीच्या गोठ्यावर टाकाया. मी मागाया गेलो तर ती म्हनली, गळत न्हाई, देनार न्हाई. म्हनलं पोरीच्या जिवावर आलंय. तर म्हनली, मंग त्याच मापाचा दुसरा द्या. त्याच मापाचा सबंध पुन्यात येकच हुता. माज्या वाढदिवसाचा. कोरा करकरीत, म्हैना बी झाला न्हवता. दिला. आता मी म्हशीवर हाय, तोंड खाली करून. रोज सकाळी धार काडताना बायडाबाई मला बघते.

(बाबांनी त्या फ्लेक्ससाठी नवा कुर्ता शिवला होता. – ऋतुजा)

पर येक घोटाळा झालाय. वरचा कोपरा म्हशीनं खाल्ला. सही हाय, शिक्का हाय, गणित शिक्षिका असं इंग्रजीत ढळढळीत हाय. तारीख आन नंबर मातुर म्हशीच्या पोटात गेला. ताईचं त्वांड उतरलंय. मी म्हनलं, तुजी चूक न्हाई, माजी बी न्हाई, म्हशीला कुठं ठावं हुतं. तुज्यासाठी काय पन करीन. फटाके बंद ठिवलेत, तू आल्यावर लावू.

तुजा काका


२७ ऑक्टोबर २०२५
बिबवेवाडी

चि. उत्कर्षा,

दिवाळीमुळे नोटरी चार दिवस बंद होते, म्हणून उशीर. सोबत तीन कागद जोडले आहेत. फ्लेक्सचा नीट काढलेला फोटो, सर्जाचं प्रतिज्ञापत्र, आणि त्याचं इंग्रजी भाषांतर.

ते कसं झालं हे तुला सांगितलं नाही तर माझं जेवण पचणार नाही. नोटरींनी नेहमीप्रमाणे मूळ कागद दाखवा म्हणून सांगितलं. सर्जाने टेम्पोतून मूळ कागद उतरवला आणि कोर्टाबाहेरच्या पार्किंगमध्ये पसरला. नोटरींनी चपला काढल्या आणि मोजे घालून शिक्क्यापासून सहीपर्यंत चालत जाऊन वाचलं. परत येताना त्यांनी विचारलं, पगाराच्या जागी हे कोण? सर्जा म्हणाला, मीच. प्रतिज्ञापत्रात ते वाक्य घालावं लागलं, की सदर ठिकाणी दिसणारा इसम मीच असून तो मूळ पत्राचा भाग नव्हता. म्हशीबद्दलही एक परिच्छेद आहे. तीस वर्षांत असा कागद केला नाही म्हणाले.

आता महत्त्वाचं. कुठल्याही कचेरीतून पत्र बाहेर जातं तेव्हा त्याला जावक क्रमांक पडतो आणि तो त्यांच्या नोंदवहीत राहतो. पत्र गायब करता येतं, मधल्याच एका क्रमांकाची नोंद गायब करणं अवघड. तुझ्या पत्राचा क्रमांक म्हशीने खाल्ला होता, पण तो मिळाला आहे. एचआर, तिरकी रेघ, पंचवीस, तिरकी रेघ, शून्य चार एक सात. तारीख नऊ जुलै. हा कुठून मिळाला ते आत्ता विचारू नकोस. अधिकारी बाईंना एवढंच म्हण, की शाळेची जावक नोंद मागवा आणि हा क्रमांक उघडा.

सुनावणीला नीट खाऊन जा. आणि तिथे आवाज चढवू नकोस. तू माझी भाची आहेस, त्यामुळे हे मुद्दाम लिहिते आहे.

कौशल्याआत्या


४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय, पूजनीय, आणि आजवर जिचं एकही ऐकलं नाही अशा आत्यास,

साष्टांग नमस्कार. हा खरा, जमिनीवर घातलेला.

पासपोर्ट माझ्या हातात आहे. हे पत्र मी एका हाताने टाइप करते आहे, कारण दुसऱ्या हातातून तो सोडवत नाही.

काल सुनावणी झाली. संचालक वकील घेऊन आले होते. त्यांनी अरबी करार दाखवला आणि शांतपणे सांगितलं की ही बाई स्वयंपाकी आहे, हिला काम जमेना म्हणून हिने गोष्ट रचली. काम जमेना, एवढं मात्र खरं होतं. मग मी तुझे कागद पुढे केले.

अधिकारी बाईंनी फोटो मोठा केला. विचारलं, हा माणूस कोण? म्हटलं, माझे काका. पत्रावर काय करतायत? म्हटलं, पगार झाकतायत. त्यांनी म्हशीचा परिच्छेद दोनदा वाचला आणि पाणी मागवलं. संचालक म्हणाले, हे बनावट आहे, असं पत्र कोणीही छापून आणेल.

त्यावर बाई जे बोलल्या ते मी जन्मभर विसरणार नाही. म्हणाल्या, "खोटा कागद करणारा माणूस तो खिशात मावेल एवढा करतो. तो चौकात टांगत नाही."

मग मी नंबर सांगितला. एचआर, पंचवीस, शून्य चार एक सात, नऊ जुलै. त्यांनी शाळेच्या माणसाला तिथेच कॉम्प्युटर उघडायला लावला. चारशे सोळा होता, बसच्या ड्रायव्हरचा. चारशे अठरा होता, भूगोलाच्या बाईंचा. मध्ये चारशे सतरा, गणित शिक्षिका, आठवी ते दहावी, माझं नाव. संचालकांनी वकिलाकडे बघितलं आणि वकिलाने घड्याळाकडे.

अरबी करार रद्द. पळून गेल्याची तक्रार करता येणार नाही. माझ्या नावावर बंदी नाही, डाग नाही. भूगोलाच्या बाईंचाही नंबर तिथेच सापडल्यामुळे त्यांना आता साक्षीला धीर आला आहे. गेनबाला खऱ्या हुद्द्याचा व्हिसा करून द्यायला सांगितलंय. तो म्हणतो की बाटल्यांचा वास घेण्याची त्याला चटक लागली होती. शाळेने मलाही शिक्षिकेचा व्हिसा देऊ केला. पदव्यांचे कागद तपासून यायला सहा महिने लागतील, तोवर बसून राहा म्हणाले. मी नको म्हटलं. परदेशात पुन्हा कधी जाईनही, पण आधी व्हिसा हातात आणि मग पाय विमानात.

कार्ड परत करताना मी पोच मागितली. कारकून म्हणाला, अशी पद्धत नाही. म्हटलं, आमच्याकडे आहे. दिली त्याने.

आठ तारखेला सकाळी साडेनऊला पुण्यात उतरते. आता सांग, तो नंबर तुला कुठून मिळाला? आणि बाबांना सावकाश सांगशील ना? त्यांना काय वाटेल याचीच मला काळजी आहे.

तुझी,
उत्कर्षा


६ नोव्हेंबर २०२५
धायरी

चि. उत्कर्षास,

आशीर्वाद. हे पत्र तुझा बाप लिहितो आहे. कौशल्याताईने मेल उघडून दिला आणि बाहेर जाऊन बसली. मला पत्राची सवय नाही. चुका झाल्या तर ती नंतर तपासणार आहे.

नंबर मी सांगितला. ताई आणि सर्जा अंगणात तो फ्लेक्स पसरून बसले होते. मी चहा घेऊन गेलो तर ताई त्या भोकाकडे बघत होती. मी म्हटलं, इथे एचआर पंचवीस शून्य चार एक सात होतं, खाली नऊ जुलै. चहा ठेवला आणि आत आलो. काय झालंय ते मी विचारलं नाही. तू मला सांगितलं नव्हतंस, म्हणजे सांगायचं नसेल असं धरलं. पण धाकटा भाऊ आपला वाढदिवसाचा फ्लेक्स म्हशीला देतो, तेव्हा घरात काहीतरी झालंय एवढं मलाही कळतं.

मला काय वाटेल याची तुला काळजी होती, असं ताई म्हणाली. मला वाईट एवढ्याचंच वाटलं, की भीती वाटली तेव्हा तू मला कळवलं नाहीस. पुढच्या वेळी कळव. मी काही करू शकेन असं नाही, पण कळव.

इंग्रजी मला जेमतेम येतं. कंपनीत पार्टनंबर वाचायचो तेवढंच. तुझ्या पत्रातलं बाकी काही कळायचं नाही, नंबर तेवढा कळायचा. मी तो उपयोगी पडेल म्हणून पाठ केला नव्हता. तू घरात नव्हतीस आणि चौकात होतीस, म्हणून दूध आणायला तिकडून जायचो आणि थोडं थांबायचो.

सर्जा आठ तारखेला दोन टेम्पो घेऊन विमानतळावर येणार आहे. नको म्हटलं, ऐकत नाही. नवीन फ्लेक्सही करतोय. त्यावर काय छापू म्हणून मला विचारत होता. मी म्हटलं, काहीही छाप, फक्त फोटो काढताना त्याच्यापुढे उभा राहू नकोस.

सर्जाची माणसं मोजली तर साठ भरतात. तुझी आई पाच किलो पोहे आणि तीन किलो कांदे आणून बसली आहे. म्हणते, करायचे तिनेच, आम्ही बघणार.

तुझा,
बाबा